जनावरांचा डॉक्टर व्हायचे तर तयारी कुठून करावी?



दर वर्षी बारावीचे निकाल लागले, की एकच विचारणा कानावर येते. "पोराला मेडिकल मिळेल असं काही दिसत नाही. मग व्हेटरनरीला टाकावं म्हणतो. अर्ज कुठं करायचा?" विचारणाऱ्याची कळकळ खरी असते. पण त्या वेळी सांगण्यासारखे फार थोडे उरलेले असते. प्रवेश परीक्षा होऊन गेलेली असते, कागदपत्रांतला एखादा दाखला निघालेला नसतो, आणि मुलाने तर या शिक्षणाचा विचारच केलेला नसतो. तहान लागल्यावर विहीर खणायला निघाल्यासारखे होते. म्हणून ही माहिती निकालाची वाट न बघता आम्ही आधीच देत आहोत. ज्यांची मुले-मुली यंदा दहावीत किंवा अकरावीत आहेत त्यांनी हा लेख जपून ठेवावा.

पहिली गोष्ट आम्हाला अशी सांगायची आहे, की जनावरांचा डॉक्टर होणे हे मेडिकल हुकलेल्यांचे काम नव्हे. ती स्वतंत्र विद्या आहे, आणि शेतकऱ्याच्या पोराने ती पहिल्या पसंतीने घ्यावी अशी आहे. या विद्येची तयारी दोन ठिकाणी होते. अर्धी पुस्तकात आणि अर्धी गोठ्यात. शहरातल्या मुलाला गोठा मिळत नाही. आपल्या मुलाला तो जन्मापासून मिळालेला असतो, पण त्याचा उपयोग आपण करून घेत नाही.

हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा का?

उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते. मधल्या दिवसांत घर चालते ते दुधाच्या पगारावर. दावणीची एक चांगली गाय दगावली तर लहान सभासदाचे वर्षाचे गणित कोलमडते. गळीत हंगामात बैलगाड्या घेऊन येणाऱ्या तोडणी मजुरांचे तर सगळे भांडवल दोन बैल. बैलाचा खांदा सुजला किंवा खूर गेला की गाडी बंद आणि चूलही बंद. रात्री दोन वाजता गाय अडली तर डॉक्टर किती लांब आहे, यावर बरेच काही ठरते. पोटातले वासरू आणि गाय दोन्ही हाती लागायची असतील तर त्या वेळी जाणता माणूस जवळ पाहिजे.

या विद्येने काय साधले आहे, तेही मुलांना सांगितले पाहिजे. जुन्या माणसांना बुळकांडी आठवत असेल. गावात शिरली की दावणीच्या दावणी रिकाम्या करून जायची. गावोगाव फिरून लस टोचली, साथीवर पाळत ठेवली, आणि २००६ साली भारत या रोगातून मुक्त झाल्याचे मान्य झाले. २०११ साली साऱ्या जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसांतल्या देवीच्या रोगानंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग. हे काम जनावरांच्या डॉक्टरांचे आणि त्यांच्या हाताखाली राबलेल्या माणसांचे. २०२२ साली लंपी आली तेव्हाही गोठ्यागोठ्यात जाऊन शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचली गेली. लंपीमुळे दूध पिणेसुद्धा धोक्याचे अशी अफवा त्या वेळी उठली होती. लंपी माणसाला होत नाही, हे लोकांना पटवून देण्याचे कामही याच लोकांनी केले.

डॉक्टर कोणाला म्हणावे?

आपल्याकडे सुई टोचणारा प्रत्येक जण 'डॉक्टर' असतो. इथेच गल्लत होते. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यक व पशुसंवर्धन या विषयाची पदवी घेऊन ज्याने पशुवैद्यक परिषदेकडे नाव नोंदवले, तो डॉक्टर. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा. त्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणी असलेल्या पदवीधरालाच आहे. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक लसीकरण, मलमपट्टी, कृत्रिम रेतन अशी कामे डॉक्टरच्या देखरेखीखाली करतात. त्यांचे काम मोलाचे आहे, त्याला कमी लेखू नये. पण मुलाला पदविकेला घालायचे आणि 'डॉक्टर झाला' समजायचे, असे करू नये. दोन्ही रस्ते वेगळे. मुलाला नेमके काय व्हायचे ते आधी ठरवावे.

आपल्या राज्यात ही पदवी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ देते. हे विद्यापीठ २००० साली स्थापन झाले, मुख्यालय नागपूरला. त्याची पाच जुनी महाविद्यालये मुंबईला परळ येथे, नागपूरला, परभणीला, लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला आहेत. परळचे सगळ्यात जुने, १८८६ सालचे. परराज्यातल्या एखाद्या खाजगी कॉलेजात मुलाला घालायचे मनात असेल, तर त्या कॉलेजची पदवी भारतीय पशुवैद्यक परिषदेने मान्य केली आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासावे. मान्यता नसेल तर साडेपाच वर्षांनी हातात नुसता कागद राहील.

अकरावीपासूनचा रस्ता

दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय पाहिजेत. गणित सोडले तरी या पदवीला अडत नाही; पण पुढे दुग्धतंत्रज्ञान किंवा इंजिनिअरिंगची वाट उघडी ठेवायची असेल तर सोडू नये. बारावीला वरील विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव वर्गांना थोडी सवलत आहे. पण नुसत्या बारावीवर प्रवेश मिळत नाही. मेडिकलला जी 'नीट' परीक्षा आहे, तीच इथेही लागते, आणि तिच्या गुणांवरूनच यादी लागते.

'नीट'चे स्वरूप समजून घ्यावे. २०२५ च्या परीक्षेला १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तासांचा वेळ होता. त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मी परीक्षा तिथेच. भौतिक आणि रसायन यांचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. चार ठिकाणी अंदाज चुकला, की एका पक्क्या उत्तराची कमाई गेली. 'ठोकून देतो ऐसा जे' इथे चालत नाही. येत नसेल तो प्रश्न कोरा सोडण्याची सवय अकरावीपासूनच लावावी.

आपल्या भागातली मुले बहुधा भौतिकशास्त्रात मार खातात. जीवशास्त्र पाठ करून निघते, भौतिक पाठ करून निघत नाही. रोज चार गणिते हाताने सोडवावी लागतात. क्लास शहरातलाच पाहिजे असे काही नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके ओळ न् ओळ वाचणे, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे आणि चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत पुन्हा सोडवणे, ही तीन कामे ज्याने दोन वर्षे नेमाने केली त्याचा पाया पक्का होतो.

प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. मात्र भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. मराठी निवडली तरी सोबत इंग्रजी मजकूर असतो, आणि भाषांतराबद्दल वाद निघाला तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानतात. शिवाय पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीतूनच आहे. म्हणून पेपर मराठीत दिला तरी शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत पाठ असावेत.

आता अर्जाची गोष्ट. 'नीट'चा अर्ज भरला म्हणजे सगळे झाले असे समजू नये. मेडिकलच्या प्रवेशासाठी नाव नोंदवले म्हणजे पशुवैद्यकाचे आपोआप झाले, असेही नाही. राज्यातल्या जागांसाठी विद्यापीठाचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. देशभरातल्या कॉलेजांतल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, त्यासाठी नोंदणी आणखी वेगळी. गुण असूनही केवळ हे माहीत नाही म्हणून मुले घरी बसतात. निकालाच्या दिवसापासून विद्यापीठाचे संकेतस्थळ रोज उघडून बघावे आणि माहितीपुस्तिका शब्दन् शब्द वाचावी. दर वर्षी नियमांत थोडाफार फरक होतो. मागच्या वर्षी शेजारच्या पोराला काय लागले, यावर विसंबू नये.

दाखले आधीच काढा

अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल त्याला नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला. यातले जात वैधतेचे काम सगळ्यात वेळ खाणारे. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. त्याचा अर्ज अकरावी-बारावीला असतानाच कॉलेजमार्फत करावा. नावात, आडनावात, जन्मतारखेत एका अक्षराचाही फरक असेल तर तो आताच दुरुस्त करून घ्यावा. ऐन वेळी तहसील कचेरीत हेलपाटे घालून काम होत नाही.

आणि एक इशारा. "जागा करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. वर सांगितलेल्या महाविद्यालयांत प्रवेश गुणवत्ता यादीवरच होतो. उसाच्या बिलाचे पैसे असल्यांच्या खिशात घालू नयेत.

गोठा हीच पहिली शाळा

आता दुसऱ्या अर्ध्या तयारीकडे वळू. ही आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हिला दमडी लागत नाही. मुलाला एक वही आणि एक थर्मामीटर घेऊन द्या. घरच्या दोन जनावरांची नोंद त्याने रोज ठेवावी. ताप शेपटीखाली, गुदद्वारात मोजतात. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाला जो ताप वाटेल ते गाईचे नेहमीचे अंग. श्वास मिनिटाला किती, हे बरगडीकडे बघून मोजता येते. गाय विसाव्याला असताना साधारण १५ ते ३०. रवंथ किती वेळ केला, शेण पातळ की घट्ट, पाणी किती प्याली, दूध किती दिले. महिनाभर लिहिले की चांगले जनावर कसे असते ते डोळ्यांत बसते. चांगले कळले नाही तर आजारी काय कळणार?

मग 'असे का?' विचारायला शिकवावे. पोट फुगले की आपण डावी भकाळी दाबून बघतो. डावीच का? कारण गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यातला सगळ्यात मोठा, कोटीपोट, डाव्या अंगाला असतो. खाल्लेला चारा तिथे आंबतो, वायू तयार होतो. तो ढेकरेने बाहेर पडला नाही की भकाळी नगाऱ्यासारखी वाजते. जो मुलगा हे हाताने बघून मग पुस्तकात वाचेल, त्याला पाठ करावे लागणार नाही.

गाय २१ दिवसांनी फिरून माजावर येते. गाभण काळ गाईचा साधारण २८० दिवस, म्हशीचा ३१० च्या आसपास, शेळीचा १५०. या तारखा घरच्या कॅलेंडरवर मुलाने लिहाव्यात. त्याचा अभ्यास होईल आणि बापाचा एखादा माज चुकायचा वाचेल.

उसाच्या वाढ्याचेच उदाहरण घ्या. हंगामात आपण जनावराला वाढेच वाढे घालतो. वाढ्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतो. तो चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतो आणि ते अंगी लागू देत नाही. म्हणून नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय वरून भरलेली दिसली तरी आतून कॅल्शियमला कमी पडू शकते. जाणते लोक वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात आणि सोबत दुसरी वैरण देतात, त्याचे कारण हे. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर एकाएकी बसते, कान गार पडतात, मान पोटाकडे वळवून पडून राहते. त्याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग उलट गार असते. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सोडतो आणि बसलेली गाय थोड्या वेळात उठून उभी राहते. गावाला हा चमत्कार वाटतो. पण तेच औषध घाईने सोडले तर हृदय बंद पडून गाय जागीच जाते. बाटली दुकानात कोणालाही दिसते. ती किती, कशी आणि किती सावकाश द्यायची हे कळण्यासाठीच साडेपाच वर्षे शिकायचे असते.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन बसण्याची परवानगी मुलाने मागावी. बहुतेक डॉक्टर आनंदाने देतील. जनावर खोड्यात कसे घेतात, दोरी कशी टाकतात, डॉक्टर मालकाला आधी काय विचारतात, हे बघावे. जनावराला तोंडाने सांगता येत नाही, त्यामुळे अर्धे निदान मालकाच्या बोलण्यातून काढावे लागते. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत, कासदाह हे शब्द आपल्या मुलांनी घरीच ऐकलेले असतात. त्यांची शास्त्रीय नावे समोर लिहीत गेले तर वही भरत जाईल.

मात्र काही गोष्टी सक्त मना कराव्यात. मुलाने स्वतः सुई टोचू नये. जनावराची लाळ गळते, घास गिळत नाही, म्हणजे घशात काहीतरी अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नये. ते पिसाळलेले असू शकते, आणि पिसाळीची लक्षणे एकदा माणसाला दिसू लागली की इलाज जवळजवळ नाही. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने ओढू नये. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसालाही धरतात आणि ताप, सांधेदुखी महिनोन् महिने सोडत नाही. हे नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळावेत.

प्रवेश मिळाल्यावर काय वाढून ठेवले आहे?

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारी. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, पशुधनाचे व्यवस्थापन. मेलेले जनावर फाडून हाडन् हाड, शीरन् शीर ओळखायची असते. पहिल्या महिन्यात काहींना जेवण जात नाही, पुढे सवय होते. नंतर जंतुशास्त्र, रोगनिदान, औषधशास्त्र, आहार, पैदास. शेवटी शस्त्रक्रिया, औषधोपचार, प्रसूती. गाई-म्हशींबरोबर घोडा, शेळी, कुत्रा, कोंबडी सगळेच शिकावे लागते. हजेरी काटेकोर असते. मराठी माध्यमातल्या मुलांना पहिले वर्ष इंग्रजीमुळे जड जाते, पण ज्याने दोन वर्षे शब्द पाठ केले तो तरून जातो.

मुलींबद्दल दोन शब्द. "एवढं मोठं जनावर पोरीला आवरंल का?" असे पुष्कळ जण विचारतात. हत्तीला माहूत आवरतो तो काय ताकदीने? जनावर आवरते दोरीने, खोड्याने, गुंगीच्या औषधाने आणि डोक्याने. धारा काढणे, वासरे सांभाळणे, गायीचे दुखणे पहिल्यांदा ओळखणे ही कामे घरोघरी बायाच करतात. हुशार मुलगी असेल तर तिला मागे ओढू नका.

शिक्षण पुरे झाल्यावर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करायची. पुढे लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. दूध संघ, विमा कंपन्या, बँका, लस आणि पशुखाद्याचे कारखाने, कुक्कुटपालन, सैन्याचे पशुवैद्यकीय दल इथे जागा असतात. पुढे एम.व्ही.एस्सी. करून संशोधनात जाता येते. आणि स्वतःचा दवाखाना काढून आपल्याच पंचक्रोशीत राहता येते. आमची इच्छा अर्थातच ही शेवटची.

एवढे करूनही पहिल्या वेळी नंबर लागला नाही तर? फरक थोडा असेल तर एक वर्ष पुन्हा द्यावे. एकच. त्यात वर्षामागून वर्ष घालवू नये. कृषी पदवी, दुग्धतंत्रज्ञान, मत्स्यविज्ञान आणि पशुसंवर्धनाच्या पदविका याही वाटा मानाच्या आहेत. त्यांच्या प्रवेशाचे नियम आधीच बघून ठेवावेत.

आता पालकांनी एवढे करावे. मुलगा किंवा मुलगी अकरावीत असेल तर जात वैधतेचा अर्ज या महिन्यात टाका. 'नीट'च्या अभ्यासासाठी संध्याकाळचे तीन तास त्याला मोकळे द्या. त्या वेळात वैरणीला पाठवू नका. पण सकाळचा एक तास गोठ्यात मात्र जरूर पाठवा, हातात खराट्याबरोबर वही देऊन. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जनावर न्याल तेव्हा त्यालाही सोबत न्या. डॉक्टर काय करतात ते त्याने बघू द्या, आणि घरी आल्यावर विचारा, "काय समजलं, सांग." सांगताना त्याचे डोळे चमकले, तर हा रस्ता त्याचाच आहे असे समजा.